पाठीच्या खिशातला गूळभात

रविवारी पहाटे बेंगळुरूतल्या हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडून देवनहळ्ळीच्या दिशेने निघालेल्या सायकलस्वारांच्या जर्सीला पाठीमागे तीन खिसे असतात. त्यांतल्या ऐवजावरून माणसं दोन गटांत पडतात. एका गटाकडे एनर्जी जेलच्या पुड्या, शंभर-सव्वाशे रुपयांना एक. दुसऱ्या गटाकडे घरचे लाडू: खजूर, बदाम, अक्रोड, वर सढळ हाताने तूप. नंदीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत दोघंही बरोबरीने जातात. मग १,४७८ मीटर उंचीच्या माथ्याकडे वळणावळणाचा चढ सुरू झाला की लाडूवाला रेंगाळतो. पोट जड, मळमळून तोंडाला पाणी सुटलेलं, पायांत जोर नाही. खाली उतरल्यावर तो जाहीर करून टाकतो की व्यायामात घरचं काही चालत नाही, विकतचंच लागतं.

घरच्या खाण्याला उगाच बोल लागतो. लाडू चांगलाच असतो, त्याची वेळ चुकलेली असते. दीड-दोन तासांपुढच्या मेहनतीला जे लागतं ते आपल्या स्वयंपाकघरात आहेच, पण सुक्या मेव्याच्या बरणीत नाही. गूळ, तांदूळ आणि मीठ यांच्या डब्यांत आहे. आणि ते अंदाजाने नव्हे, वजनकाट्यावर मोजून घ्यायचं आहे. जेलच्या पुडीत जादू काहीच नसते. तिच्यात वीस-पंचवीस ग्रॅम साखर आहे हे पुडीवर छापलेलं असतं, एवढाच तिचा मोठेपणा.

आधी शरीराचा हिशेब पाहू. स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, बाळगून असतात. म्हणजे दोन हजारांच्या आतबाहेर कॅलरी. जोरात धावलं किंवा चढावर सायकल मारली तर हा साठा दीड-दोन तासांत तळाला जातो. मॅरेथॉन धावणारे तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला ‘भिंत’ लागली म्हणतात ती हीच. चरबीचा साठा प्रत्येकाकडे मुबलक असतो, पण तिचं ज्वलन सावकाश होतं. वेग वाढला की शरीर साखरच मागतं.

म्हणून तासाभराच्या आतल्या व्यायामात काहीही खाण्याची गरज नाही. कब्बन पार्कात पाच किलोमीटर धावून मध्येच जेल पिणारे लोक मी पाहतो तेव्हा मला त्यांच्या पैशांचं वाईट वाटतं. मे महिन्याच्या आसपास शहरात दहा किलोमीटरची मोठी शर्यत होते, तिलाही वेळेवर केलेला नाश्ता आणि पाणी पुरतं. एक ते अडीच तासांची मेहनत असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. त्याहून लांबच्या पल्ल्याला ६० आणि पोटाला सराव असेल तर ९० पर्यंत. गंमत म्हणजे हा आकडा वजनावर फारसा अवलंबून नाही. पन्नास किलोची मुलगी आणि ऐंशी किलोचा गडी, दोघांच्या आतड्यांची साखर शोषण्याची मर्यादा जवळपास सारखीच असते.

ही मर्यादा समजून घेण्यासारखी आहे. ग्लुकोज आतड्यातून आत जातं ते सोडियमच्या जोडीने, एका ठरावीक दरवाजातून, आणि तो दरवाजा तासाला साठेक ग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही. फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा. त्यामुळे दोन्ही साखरा एकत्र दिल्या तर जास्त माल आत जातो. गुळातली मुख्य साखर म्हणजे सुक्रोज, आणि तिच्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज निम्मेनिम्मे. तांदळाचा स्टार्च पचून सगळा ग्लुकोज होतो. तेव्हा गूळ आणि भात एकत्र आले की महागड्या पावडरींच्या डब्यावर ज्या प्रमाणाची जाहिरात असते, त्याच्या आसपास आपण आपोआप पोचतो.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. तिचा सगळ्यात मोठा पुरावा खेळाच्या मैदानावर मिळाला नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटला. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. आज सायकलच्या बाटलीत आपण जे घालतो ते याच घराण्यातलं आहे. फरक इतकाच की आजाऱ्याला पाणी टिकवायचं असतं म्हणून साखर कमी, आणि आपल्याला इंधनही हवं असतं म्हणून ती जास्त.

बेंगळुरूत राहणाऱ्याला ते पेय शोधायला लांब जायला नको. रामनवमीला इथे गल्लोगल्ली मांडव घालून कोसंबरी, मज्जिगे आणि पानक वाटतात. पानक म्हणजे गुळाचं पाणी, त्यात लिंबू, सुंठ, वेलची, थोडी मिरी. आपल्याकडे त्या दिवशी सुंठवडा असतो. इथे सुंठ पाण्यात जाते आणि चैत्राच्या उन्हात ते जास्त शहाणपणाचं वाटतं. सणाच्या पानकात मात्र गूळ हात सैल सोडून घालतात आणि मीठ नसतं. आपण असं करू: एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम किसलेला गूळ, पाव चमचा (सपाट, चहाचा) मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर सुंठ. गूळ विरघळला की फडक्यातून गाळायचं, नाहीतर बाटलीच्या तोंडात चोथा अडकतो. या लिटरमध्ये साधारण ५५ ग्रॅम कर्बोदकं आणि सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. विकतची पेयंही साखरेच्या बाबतीत सहा टक्क्यांच्या जवळपासच असतात. याहून गोड केलं तर पेय जठरात रेंगाळतं आणि पोट डुचमळतं. मिरी टाळा. धाप लागलेली असताना ती घशाला झोंबते.

गुळाबद्दल दोन शब्द. गूळ ‘नैसर्गिक’ आहे म्हणून तो साखरेपेक्षा वेगळं काही करतो, असं निदान सायकलवर तरी मानू नका. खनिजं असतात, पण साठ ग्रॅममध्ये त्यांचा हिशेब किरकोळ. गूळ घ्यायचा तो चवीसाठी, आणि लांबच्या पल्ल्यात चवीची किंमत फार मोठी असते. फिका पिवळा, चकचकीत गूळ घेऊ नका, तो रंग बहुधा ‘हायड्रॉस’ या रसायनाचा असतो. काळपट गूळ घ्या, मंड्याचा मिळाला तर उत्तम, घरून कोणी कोल्हापूरहून आणला तर प्रश्नच मिटला. मधुमेह असलेल्यांनी मात्र ‘गूळ चालतो’ या समजुतीत राहू नये. साखरेइतकाच तो रक्तात उतरतो, तेव्हा औषधं आणि व्यायाम यांचा मेळ डॉक्टरांशी बोलूनच बसवावा. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाबद्दलही तेच करावं.

आता खिशातला घास. व्यावसायिक सायकल संघांमध्ये भाताच्या वड्या रुळवल्या त्या अ‍ॅलन लिम या शरीरशास्त्रज्ञाने. त्याच्या जोडीला होता बिजू थॉमस नावाचा, मूळचा केरळचा स्वयंपाकी. हे वाचून नारळीभात आणि साखरभात करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हसू येणारच. आपली वडी अशी:

सोना मसुरी तांदूळ २०० ग्रॅम. नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे वजनाच्या अडीच पट पाणी घालून कुकरला चांगला मऊ शिजवा. इथे कंजुषी नको, कारण गूळ पडल्यावर भात पुढे शिजत नाही, उलट ताठरतो. ८० ग्रॅम गूळ दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळून घ्या. पाक करायचा नाही, फक्त उकळी. त्यात भात, अर्धा चमचा मीठ, ३० ग्रॅम चिरलेले बेदाणे, वेलची किंवा जायफळ आणि एक चमचा तूप घालून मंद आचेवर डावाच्या पाठीने दाबत परता. गोळा कढईच्या कडा सोडू लागला की तूप लावलेल्या ताटात दोन सेंटिमीटर जाडीचा थापा. खोबरं घालायचंच असेल तर सुकं, किसलेलं, चमचाभर. ओलं खोबरं जर्सीच्या खिशात तीन तासांत आंबतं. गार झाल्यावर दहा सारख्या वड्या कापा. प्रत्येकीत साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एका जेलइतकी. प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये अशी गुंडाळा की दोन टोकं पिळलेली राहतील. एक टोक दातांनी धरून ओढलं की एका हाताने सोलता आली पाहिजे, दुसरा हात हँडलवर असतो.

तासाला पानकाची पाऊण लिटरची बाटली आणि एक वडी, हे मिळून ६५ ग्रॅम होतात. थंडीच्या सकाळी अर्धी बाटलीच संपते, तेव्हा वड्या वाढवायच्या.

भाताची एक गोष्ट गांभीर्याने घ्या. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढतो, त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि उलट्या सुरू होतात त्या नेमक्या घरापासून पन्नास किलोमीटरवर. म्हणून वड्या रात्री करा, ताटात पसरून लवकर गार करा, फ्रिजमध्ये ठेवा, पहाटे काढा आणि चार-पाच तासांत संपवा. उरलेल्या घरी आणून मुलांच्या डब्यात घालू नका.

तीन तासांनंतर गोडाचा उबग येतो. तेव्हा तिखट-मिठाचं काहीतरी हवं. इथलं चित्रान्न यासाठी उत्तम. त्यातून शेंगदाणे आणि चणाडाळ काढा, भात मऊ ठेवा, मीठ-लिंबू जरा चढं, एखादा उकडलेला बटाटा कुस्करून घाला म्हणजे वडी धरते. नुसते छोटे उकडलेले बटाटे मीठ लावून नेले तरी चालतात. २०१९ मध्ये अमेरिकेत सायकलस्वारांवर झालेल्या एका प्रयोगात बटाट्याच्या लगद्याने जेलइतकंच काम केलं होतं. केळ्यांवरचा असाच प्रयोग २०१२ मधला, ७५ किलोमीटरच्या सायकलिंगवरचा, आणि निष्कर्षही तोच: वेगात फरक नाही. दोन्ही प्रयोगांत खऱ्या अन्नाने पोट थोडं फुगल्याची तक्रार मात्र होती. हा तोटा खरा आहे, लपवण्यात अर्थ नाही. शंभर ग्रॅम बटाट्यातून जेमतेम वीस ग्रॅम कर्बोदकं मिळतात, तेवढं वजन पोटात वागवावं लागतं. सायकलवर ते खपतं. धावताना पोट प्रत्येक पावलाला हलतं, तिथे खपत नाही.

म्हणून धावणाऱ्यांनी वड्यांच्या मागे न लागता काकवी धरावी. उसाच्या रसाचा गूळ होण्याआधीचा हा दाट पाक. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना तो भाकरीबरोबर माहीत आहे, आणि बेंगळुरूत उत्तर कन्नड जिल्ह्यातला माल ठेवणाऱ्या दुकानांत ‘जोनी बेल्ल’ मागितलं की मिळतो. चाळीस ग्रॅम काकवीत थोडं लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून मऊ, पिळता येणाऱ्या छोट्या बाटलीत भरली की झालं घरचं जेल. पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं, आणि वर ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण फुकट. घोटभर पाण्याबरोबरच घ्यायची, नुसती घेतली तर घशाशी येते. बाटली त्याच दिवशी गरम पाण्याने धुवा, नाहीतर मुंग्या घरभर फिरतील.

इथली एलक्की केळी लहान असतात. दोन खाल्ली की एका जेलच्या जवळपास जातं. हॉपकॉम्सच्या दुकानातून आदल्या दिवशी घ्या आणि सालीवर काळे ठिपके पडलेली निवडा, पिकलेल्या केळ्यात स्टार्चची साखर झालेली असते. हिरवटसर केळं चढावर पोटात दुखवतं. खजूर दोन-चार ठीक, पण मूठभर खाल्ले तर त्यातला चोथा भारी पडतो.

चोथा आणि चरबी हेच लाडूचं दुखणं. शेंगदाण्यात वजनाच्या निम्मी चरबी असते, अक्रोडात त्याहून जास्त, आणि चरबी जठरातून सावकाश सरकते. मग सह्याद्रीत गूळ-शेंगदाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या डोंगर कसे चढले? वारकरी आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे अडीचशे किलोमीटर कसे चालतात? चालत, हेच उत्तर. बोलता येईल, अभंग म्हणता येईल इतक्या वेगाला शरीर चरबी आरामात जाळतं, पचनालाही रक्त पुरतं, आणि मध्ये विसावे असतात. राजगडाला चिक्की न्या, जरूर न्या. नंदीच्या चढावर नाडी १६० ला गेलेली असताना नको.

नाचणीचंही तसंच. कर्नाटकात राहून रागीविरुद्ध लिहिणं जिवावर येतं. मंड्याच्या संशोधन केंद्रात ‘रागी लक्ष्मणय्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञाने भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून ‘इंडाफ’ वाण काढले, आणि या राज्याच्या ताटात नाचणीचे गोळे, म्हणजे ‘मुद्दे’, भक्कम राहिले. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि दहा-अकरा ग्रॅम चोथा असतो. हाडांना उत्तम, रोजच्या जेवणाला उत्तम, आणि शर्यतीच्या सकाळी पोटाला नको असलेली नेमकी तीच गोष्ट. अंबील आदल्या दिवशी दुपारपर्यंत प्या. रात्री भात, पहाटे भात किंवा पाव.

पहाटेचं खाणं निघण्याच्या तासभर आधी, वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं. साठ किलोच्या माणसाला दोन एलक्की केळी, दोन जॅम लावलेले पाव आणि साखर घातलेला चहा-कॉफीचा कप एवढ्यात ते जमतं. इडली आवडत असेल तर तीन-चार, चटणीशिवाय, वरून मीठ-साखर किंवा थोडा मध. चटणीत खोबरं आणि डाळं, तेही थांबेल. कॉफी घ्या. फिल्टर कॉफीत चिकोरी किती, यावर कॅफीन ठरतं, पण पहाटेच्या पेल्याचा दुसरा उपयोग असतो आणि तो प्रत्येक धावपटूला ठाऊक आहे.

पाण्याबद्दल बेंगळुरूची हवा फसवते. वारा असतो, घाम वाळतो, म्हणून तो आलाच नाही असं वाटतं. एकदा व्यायामाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करून पाहा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. त्यात प्यालेलं पाणी मिळवा आणि तासाला किती जातं ते काढा. एप्रिलमधला आकडा आणि डिसेंबरमधला आकडा वेगळा येईल. जातं त्याहून जास्त नुसतं पाणी ढोसणं धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम उतरून चक्कर, गोंधळ, क्वचित जिवावरचं दुखणं येतं. शहाळ्यावर, म्हणजे इथल्या एळनीरवरही, सगळा भरवसा ठेवू नका: पोटॅशियम भरपूर, पण घामातून जातं ते मुख्यतः सोडियम, आणि ते शहाळ्यात थोडंच. चिमूटभर मीठ खिशात ठेवा आणि शहाळेवाल्याच्या आश्चर्यचकित नजरेकडे दुर्लक्ष करून त्यात टाका.

यातलं काहीही शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आतड्यांनाही सराव लागतो. तासाला तीस ग्रॅमपासून सुरुवात करून दर आठवड्याच्या लांब फेरीत दहा-दहा वाढवत गेलात, तर महिना-दीड महिन्यात साठ पचू लागतात. घड्याळात वीस मिनिटांचा गजर लावा. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

लाडूची वेळ घरी पोचल्यावर येते. तासाभरात वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर कर्बोदकं हवीत. मटकीची उसळ, दही-भात, मुद्दे आणि सोप्पिन सारू (पालेभाजीची आमटी), पिठलं-भाकरी, दुधाबरोबर दोन लाडू, सगळं चालतं. बेण्णे मसाला डोसाही चालतो. निम्मे लोक त्याच्यासाठीच सायकल चालवतात, आणि प्रथिनांसाठी बरोबर सांबाराच्या दोन वाट्या जास्त मागून घ्याव्यात.

दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे वाटेत शिक्के घेत मुदतीत पुऱ्या करायच्या सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात. तेवढ्या वेळाचं, म्हणजे तासाला साठ धरले तर आठशेच्या आसपास ग्रॅम कर्बोदकांचं खाणं खिशात मावत नाही आणि भाताची वेळही संपते. पहिल्या चार तासांचं घरून न्या, पुढचं रस्त्यावर घ्या. गावोगावच्या अय्यंगार बेकरीतला साधा बन आणि जॅम हा त्यातला सर्वांत भरवशाचा घास. बेण्णे बिस्किट मात्र लोण्याचं असतं, ते नको. किराणा दुकानात गुळाचा खडा आणि मीठ मिळतंच, पाण्याच्या बाटलीत पानक तिथल्या तिथे होतं, वजनकाट्याऐवजी खड्याचा आकार लिंबाएवढा धरा. म्हैसूरच्या वाटेवर बिडदीची तट्टे इडली जाताना खा, नुसती, अर्धी खिशात घालून. मद्दूर वडा कांद्याचा, तळलेला, खमंग असतो. तो येताना, शेवटचा शिक्का मारून झाल्यावर.